केळीच्या वेफर्सला चिनी नाव काय ठेवावं?

चिनी भाषा आणि चीनशी होणारा व्यापार यांबद्दल वाचकांच्या प्रश्नांना मी या सदरात उत्तरं देते. मी जळगावची. दिल्लीला जेएनयूत चिनी शिकले आणि नंतर बरीच वर्षं आपल्याकडच्या व्यापाऱ्यांबरोबर दुभाषी म्हणून चीनमध्ये हिंडले. या वेळी आलेली बहुतेक पत्रं नावांबद्दल आहेत, म्हणून सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. पत्रं थोडक्यात छापली आहेत.

ताई, राम राम. आमची सावद्याला केळी आहे. भाव पडला की घड कापायची मजुरीही निघत नाही, म्हणून केळीचे वेफर्स आणि केळीचं पीठ करायचं छोटं युनिट टाकलं. मुलगा यंदा ग्वांगझूच्या व्यापारी मेळ्याला जातोय. त्याने मोबाईलच्या ॲपमधून पाकिटावरचं नाव चिनी लिपीत करून आणलं. पाकिटं छापणारा घाई करतोय. छपाईचे सिलिंडर बनवायला टाकू का? आणि मुळात चिनी नाव हवंच का?
— एक केळी उत्पादक, सावदा

भाऊ, सिलिंडर थांबवा. एका रंगाला एक सिलिंडर लागतो. उद्या नाव बदलावं लागलं तर सगळा खर्च पुन्हा पहिल्यापासून.

तुमच्या ब्रँडचं पूर्ण नाव मी इथे मुद्दाम छापलेलं नाही. त्याचं कारण पुढे येईलच. त्या नावातला ‘खान्देश’ एवढाच शब्द घेते.

चिनी लिपीला आपल्यासारखी बाराखडी नाही. आपला ‘क’ म्हणजे नुसता आवाज. त्यांच्या प्रत्येक अक्षराला आवाजाबरोबर अर्थही असतो, आणि वाचणाऱ्याच्या मनात तो उमटतोच. त्यात एकाच उच्चाराची अक्षरं पुष्कळ. ‘खान’ लिहायला गेलात तर तोडणं, गप्पा छाटणं आणि खड्डा अशा अर्थांची तीन अक्षरं समोर येतात, आणि तिघांचा सूरही, म्हणजे चिनीत ज्याने अर्थ बदलतो तो आवाजाचा चढउतारही, एकच. ॲपने त्यातलं खड्ड्याचं अक्षर उचललंय. नकाशात किंवा बातमीत ते चालून जातं, परदेशातल्या मुलखाचं नाव आहे म्हणून वाचणारा पुढे सरकतो. पण खायच्या वस्तूच्या पाकिटावर, दुकानात उभी असलेली बाई ते अक्षर वाचणार, तिथे खड्डा कशाला?

मी ‘खांग-तऽ-शऽ’ अशी तीन अक्षरं घेऊन बघितली असती. ‘खांग’ म्हणजे आरोग्य, ‘तऽ’ म्हणजे मिळणं, ‘शऽ’ म्हणजे अन्न. खान्देशचा नादही राहिला आणि खाण्यातून आरोग्य असा अर्थही लागला. हे नाव आधीच कुणाचं आहे का, याची तपासणी झाल्याशिवाय वापरू नका. नमुना म्हणून दिलंय.

इथे मराठी माणसाला एक मोठा फायदा आहे आणि तो आपण वापरत नाही याचं मला फार वाईट वाटतं. चिनी भाषेत क आणि ख, प आणि फ, त आणि थ यांत आपल्यासारखाच काटेकोर फरक आहे. रोमन लिपीत चिनी लिहितात तेव्हा ‘क’साठी जी, ‘ख’साठी के, ‘प’साठी बी आणि ‘फ’साठी पी हे अक्षर वापरतात. आपण ते इंग्रजीसारखं वाचतो आणि फसतो. ज्याला आपण बीजिंग म्हणतो त्याचा उच्चार ‘पेइचिंग’च्या जवळचा आहे. इंग्रजी बोलणाऱ्याला जो फरक ऐकायला शिकावा लागतो, तो आपल्या मुलांना पहिलीच्या पाटीवरच मिळालेला असतो. म्हणून मुलाला सांगा, नाव इंग्रजी स्पेलिंगवरून करू नको, मराठी उच्चारावरून कर.

मोठ्या कंपन्यांनीही आपली चिनी नावं अशीच नाद आणि अर्थ तोलून ठेवलीत. कोका-कोला चीनमध्ये गेलं त्या काळात काही दुकानदारांनी आपापल्या मनाने अक्षरं जोडून पाट्या रंगवल्या. नाद कोका-कोलाचा, पण अर्थ निघायचा मेणाचा बेडूकमासा चावण्याचा. नंतर कंपनीने जे नाव धरलं ते ‘खऽखौ-खऽलऽ’. पहिल्या दोन अक्षरांचा अर्थ रुचकर, पुढच्या दोनांचा आनंद देणारं. ते इतकं रुळलं की ‘खऽलऽ’ हा त्या जातीच्या सगळ्याच पेयांना शब्द झाला, आणि पेप्सीनेही तो घेऊन त्याच्या आधी ‘पाइ-शऽ’ म्हणजे ‘शंभर गोष्टी’ जोडलं. कारफूर या फ्रेंच दुकानांचं तिकडचं नाव ‘च्या-लऽ-फू’: घर, आनंद, भाग्य. स्टारबक्सने अर्धं भाषांतर केलं आणि अर्धा नाद ठेवला: ‘शिंग’ म्हणजे तारा, पुढचं ‘पाखऽ’ नुसतं बक्स. ॲपलने तर सरळ सफरचंदाचा चिनी शब्दच घेतला. यातला कोणता रस्ता घ्यायचा ते मालावर अवलंबून आहे. खायच्या मालाला नाद आणि अर्थ दोन्ही साधलेले मला सर्वांत पसंत, कारण लहान पोरगंही ते नाव दुकानात मागू शकतं.

तुम्ही फळवाले आहात म्हणून किवीचं सांगते. जळगावच्या फळबाजारात हल्ली किवी सर्रास दिसते. हे फळ मूळचं चीनचं. १९०४ मध्ये त्याचं बी न्यूझीलंडला गेलं, तिथे बागा झाल्या, आणि इंग्रजीत त्याला ‘चायनीज गूजबेरी’ म्हणायला लागले. अमेरिकेत विकायची वेळ आली तेव्हा हे नाव अडायला लागलं. आधी ‘मेलोनेट’ सुचलं. पण मेलन म्हणजे खरबूज, आणि खरबुजावर अमेरिकेत जकात जास्त होती, म्हणून तेही सोडलं. १९५९ मध्ये ऑकलंडच्या टर्नर्स अँड ग्रोअर्स या निर्यातदारांनी आपल्या देशाच्या पक्ष्यावरून ‘किवीफ्रूट’ नाव धरलं. पुढे तेच फळ न्यूझीलंडहून चीनमध्ये विकायला आलं. चीनमध्ये त्याला जुनं नाव होतंच, ‘मी-हौ-थाओ’, म्हणजे माकडाचं पीच. आयात फळाला मात्र ‘छी-ई-क्वो’ नाव मिळालं. नाद किवीचा, अर्थ अनोखं फळ. एकाच दुकानात देशी माकडपीच एका भावाने आणि अनोखं फळ त्याहून चढ्या भावाने विकलं जाताना मी पाहिलंय. त्यामागे न्यूझीलंडवाल्यांची प्रतवारी आणि पॅकिंगही आहे, नुसतं नाव नाही. पण ते नाव नसतं तर दोन ढीग वेगळे पडले नसते.

केळ्याला चिनीत ‘श्यांग-च्याओ’ म्हणतात. त्यातल्या ‘च्याओ’वर एक गंमत झाली. हिरवी केळी आणि चिंता, हे दोन्ही शब्द ‘च्याओ-ल्यू’ असेच उच्चारतात, लिहायची अक्षरं वेगळी. २०२४ मध्ये तिकडच्या ऑफिसांत टेबलावर हिरव्या केळ्यांचा छोटा घड दांड्यासकट पाण्याच्या बरणीत उभा करायची लाट आली. सोबत एक चिठ्ठी: ‘च्याओ-ल्यू बंद’. वाचणाऱ्याने चिंता बंद असं समजायचं. केळी पिकेपर्यंत लोक एकेका केळ्यावर आपलं नाव लिहून ते राखून ठेवायचे आणि पिवळं झालं की तोडून खायचे. भाऊ, आपल्याकडे ज्या अवस्थेत घड गाडीत भरतो, त्याच अवस्थेतल्या केळ्याला तिथल्या विक्रेत्यांनी एका शब्दाच्या बळावर ऑफिसच्या टेबलावर नेऊन बसवलं. तुमच्या पाकिटावर हिरव्या घडाचं चित्र आहे असं तुम्ही लिहिलंय. ते काढू नका, त्याखाली चिनीत दोन शब्द कसे टाकता येतील ते मुलाला तिथल्या माणसांबरोबर बसून ठरवू द्या.

आता नाव तपासायचं कसं. मी नाव कागदावर दाखवत नाही. ओळखीच्या माणसाला फोन लावते, नाव तोंडी सांगते आणि म्हणते, लिही. जे अक्षर त्याच्या हातून आपोआप उमटतं ते त्याने ऐकलेलं नाव. तो विचारतो, “कोणता खांग?” मग मी सांगते, “च्येन-खांगमधला खांग,” म्हणजे तब्येतीला जो शब्द आहे त्यातला. चिनी माणसं रोज असंच एकमेकांना अक्षर सांगतात. एका झटक्यात, एका शब्दात अक्षर सांगता आलं तर नाव चांगलं. तीन वाक्यं लागली तर दुकानदार फोनवर ऑर्डर देताना घोळ घालणार. आणि ही चाचणी तरुण मुलीवर, म्हाताऱ्या दुकानदारावर आणि ट्रक भरणाऱ्यावर अशी वेगवेगळ्या लोकांवर करायची. ग्वांगझूत बऱ्याच घरांत कँटोनीज ही तिकडची बोली बोलतात, तिथे तीच अक्षरं वेगळी वाचली जातात. तेव्हा त्या उच्चारातही ऐकून घ्या.

आणि नाव ठरलं की मेळ्यात पाकीट दाखवण्याआधी चीनमध्ये ट्रेडमार्कचा अर्ज टाका. तिथे जो आधी अर्ज करतो त्याचा हक्क आधी धरला जातो. रोमन लिपीतलं नाव नोंदवलं म्हणजे चिनी अक्षरांतलंही सुरक्षित झालं असं नाही, दोन्ही वेगवेगळी नोंदवावी लागतात. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनचं चिनी नाव ‘छ्याओ-तान’. ती अक्षरं तिथल्या एका क्रीडासाहित्याच्या कंपनीने नोंदवून घेतली होती. जॉर्डन २०१२ मध्ये कोर्टात गेला आणि २०१६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या अक्षरांबाबत त्याच्या बाजूने निकाल दिला. त्याच्यापाशी पैसा होता, वकील होते. आपल्या सावद्याच्या युनिटला हे झेपणारं नाही. म्हणूनच तुमचं नाव मी इथे छापलं नाही.

शिवाय १ जानेवारी २०२२ पासून चीनला खाद्यपदार्थ पाठवणाऱ्या परदेशी कारखान्याची तिथल्या सीमाशुल्क खात्याकडे नोंदणी लागते आणि लेबल चिनी भाषेत लागतं. म्हणजे चिनी नाव हवंच का, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आलं.

मर्सिडीज गाडीची चिनीत तीन नावं आहेत असं वाचलं. खरं आहे का?
— एक वाचक, शहादा

खरं आहे. चीनमध्ये ‘पन-छऽ’, म्हणजे दौडत जाणं. हाँगकाँगच्या कँटोनीजमध्ये ‘फिंग-ची’, त्यात शांतता आणि सुव्यवस्था. तैवानमध्ये ‘पिन-शऽ’, त्यातली अक्षरं पाहुणा आणि सभ्य गृहस्थ अशा अर्थांची. तिन्ही बेंझच्या नादावरच बेतलेली. बीएमडब्ल्यूचं नाव ‘पाओ-मा’, मोलाचा घोडा. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघत मोठ्या झालेल्या तुम्हा शहादेकरांना ते वेगळं समजावून सांगायला नको.

ताई, मी धुळ्याला टॉर्च, बॅटरी, छोटे पंखे असा माल विकतो. चीनहून माल येतो त्यावरची इंग्रजी नावं गिऱ्हाइकाला घेता येत नाहीत. पुरवठादार म्हणतो, चिनी नावाचं हवं ते भाषांतर करून देतो. करून घेऊ का?
— एक व्यापारी, धुळे

दादा, शब्दशः भाषांतर करून घेऊ नका. चीनमध्ये ‘पाइ-श्यांग’ म्हणजे पांढरा हत्ती या नावाची बॅटरी प्रसिद्ध आहे. हत्तीचा ‘श्यांग’ आणि मंगलचा ‘श्यांग’ यांचा नाद जवळचा, म्हणून तिथे ते नाव शुभ. इंग्रजीत त्याचं सरळ ‘व्हाइट एलिफंट’ झालं, आणि इंग्रजीत व्हाइट एलिफंट म्हणजे फुकट पोसावं लागणारं लोढणं. मराठीतही पांढरा हत्ती पोसणं याचा अर्थ तोच. आता हीच बॅटरी तुम्हाला विकायची असती तर मी ‘ऐरावत’ म्हटलं असतं. हत्ती तोच, रंग तोच, आणि देवाचा.

उलट दिशेचं उदाहरण हाँगकाँगचं. तिथल्या टायच्या ब्रँडचं इंग्रजी नाव गोल्डलायन, सोनेरी सिंह. चिनीत सरळ भाषांतर केलं तर कँटोनीज कानाला ते सोनं हरल्यासारखं ऐकू यायचं. व्यापारी गळ्यात तोट्याचं नाव कशाला बांधेल? मग त्यांनी ‘गोल्ड’चा अर्थ ठेवला आणि ‘लायन’चा नाद घेतला: ‘कम-लेइ-लोइ’, म्हणजे सोनं आणि नफा येतोय. अर्धा भाग अर्थाने आणि अर्धा नादाने नेण्याचं इतकं नेटकं काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

लेनोवोचं चिनी नाव आहे ‘ल्येन-श्यांग’, एका विचारावरून दुसरा सुचणं. इंग्रजीत ते आधी ‘लीजंड’ लिहायचे. परदेशात जायचं ठरलं तेव्हा कळलं, लीजंड नाव जागोजागी दुसऱ्यांनी नोंदवलेलं आहे. २००३ मध्ये त्यांनी लीजंडमधला ‘ले’ ठेवला, त्याला नवं या अर्थाचा लॅटिन ‘नोवो’ जोडला. हायरची हकिगत वेगळीच. छिंगताओच्या फ्रिज कारखान्याला जर्मनीच्या लीबहेरकडून तंत्रज्ञान मिळालं, आणि त्या जर्मन नावाच्या चिनी रूपाची शेपटी म्हणजे हायर.

तुमच्याच गल्लीतल्या मोबाईलच्या दुकानात बघा. ‘श्याओ-मी’ हे बाजरीसारख्या बारीक धान्याचं नाव, शब्दशः छोटा तांदूळ. आपल्याकडे कुणी शाओमी म्हणायचं, कुणी झिओमी. लोकांच्या तोंडी बसलं ते ‘एमआय’ आणि ‘रेडमी’. रेडमीतला ‘मी’ तोच तांदूळ, फक्त लाल.

तेव्हा तुमच्या टॉर्चला नाव देताना दोन किंवा तीन अक्षरी ठेवा, जोडाक्षर टाळा. साक्रीचा अहिराणी बोलणारा, नवापूरचा गुजराती बोलणारा, शिरपूरकडचा पावरी बोलणारा आणि मालेगावचा उर्दू बोलणारा अशी तुमची गिऱ्हाइकं आहेत. चौघांना नाव नुसतं ऐकवा आणि दुसऱ्या दिवशी विचारा, काल कोणतं नाव सांगितलं होतं? चौघंही एकच सांगतील ते घ्या. आणि पुरवठादाराशी करार करताना भारतातला ट्रेडमार्क तुमच्या नावावर राहील हे लिहून घ्या. त्याच्या नावावर राहिला तर गिऱ्हाईक जमवायची मेहनत तुमची आणि नाव त्याचं.

आपलं नाव दुसऱ्याच्या भाषेत इतकं बदलायचं, तर आपली ओळख राहिली कुठे? मला हा लाचारपणा वाटतो.
— एक निवृत्त शिक्षक, चोपडा

सर, तुमची कळकळ समजते. पण डॉ. कोटणीसांची आठवण करून देते. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टर जखमी चिनी सैनिकांच्या मदतीला गेले, त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. चिनी लोक त्यांना ‘खऽ-ती-हुआ’ म्हणतात. त्यात कोटणीसच्या नादाची खूण आहे, आणि शेवटच्या ‘हुआ’चा अर्थ चीन. पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी हा ‘हुआ’ आहे. कोटणीसांनी तिथेच लग्न केलं, मुलाचं नाव ठेवलं ‘यिन-हुआ’. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. आज शिच्याच्वांगच्या स्मशानभूमीत त्यांचा पुतळा आहे, आणि तिथली माणसं त्यांना ज्या नावाने ओळखतात ते हेच चिनी नाव. सोलापूर आणि आपण त्यांना कोटणीसच म्हणतो. यात त्यांचं काही कमी झालं असं मला वाटत नाही, सर. व्यापाराची तुलना त्या कामाशी करायचा माझा हेतू नाही. पण समोरच्याला आपलं नाव त्याच्या जिभेने घेता यावं अशी सोय करण्यात लाचारी नाही, एवढं मी ठामपणे म्हणते. आणि मराठी नाव पाकिटावर राहतंच. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते, देवनागरी काढू नका.

मी अमळनेरला बी.ए.ला आहे. चिनी शिकून ब्रँडच्या नावांचं काम करता येईल का? की आता हे सगळं मशीनच करणार?
— एक विद्यार्थिनी

बाळा, तू ज्या गावात आहेस तिथे १९४५ मध्ये वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची वनस्पती तुपाची कंपनी निघाली. त्या लांबलचक नावातून ‘विप्रो’ हा दोन अक्षरांचा शब्द निघाला आणि जगभर गेला. नावाचं काम काय असतं ते तुला गावातच बघायला मिळतं.

मशीन तुला शंभर पर्याय काढून देईल, ते जरूर घे. पण मायक्रोसॉफ्टचं बिंग बघ. तो आवाज चिनीत सरळ नेला तर सूर बदलून ‘पिंग’ म्हणजे आजार होतो. त्यांनी ‘पी-यिंग’ केलं, म्हणजे हाक मारली की ओ मिळणारच. असं नाव निवडायला ती भाषा बोलणाऱ्यांच्या घरात, बाजारात राहिलेला कान लागतो. एकट्याचं हे काम नव्हेच. मी नेहमी एखाद्या चिनी सहकाऱ्याबरोबर बसते. अर्थ मी सुचवते, नकार बहुतेक वेळा तिच्याकडून येतो, आणि तिचा नकार मी मानते.

फक्त नावांवर पोट भरेल असं समजू नकोस. लेबलं, करार, मशीनची माहितीपत्रकं, दुभाष्याचं काम, हे रोजचं. नावाचं काम त्यातून अधूनमधून येतं आणि त्याचे पैसे चांगले मिळतात, पण मागायला शिकावं लागतं. लोक म्हणतात, तीन तर अक्षरं आहेत. तीन अक्षरांचे पैसे घ्यायचे नाहीत, बाद केलेल्या नावांच्या यादीसकट घ्यायचे, आणि ती यादी कारणांसह लिहून द्यायची.

पदवीनंतर जेएनयू किंवा शांतिनिकेतनचं चीना भवन, जे १९३७ पासून आहे, यांच्या प्रवेशाची माहिती काढ. तोवर चारही सूर घोटून घे. एचएसके नावाची चिनी भाषेची परीक्षा आहे, तिच्या पहिल्या पातळीची शब्दयादी इंटरनेटवर फुकट मिळते. उच्चार देवनागरीत लिहून पाठ कर, रोमनवरून नको. सावद्याच्या भाऊंचा मुलगा मेळ्याहून परतला की पाकिटावरच्या मजकुराचं काम निघेल. तुझी तयारी असेल तर मासिकाच्या पत्त्यावर मला लिही, मी तुमची गाठ घालून देते.